खाडी हवेला देते ते उरलेलं

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे. त्यांचं घर खाडीपासून फार लांब नाही. ओहोटीच्या वेळी, त्यातही पहाटे, कुजक्या अंड्यासारखा वास घरात येतो. लेक नववीत आहे आणि तिला शाळेच्या प्रकल्पासाठी समुद्र आणि हवा यांच्यातल्या वायूंच्या देवाणघेवाणीचा विषय मिळालाय. आपण श्वासात घेतो त्यातला अर्धा ऑक्सिजन समुद्रातून येतो, असं तिने वाचलंय. कांदळवनातून मिथेन निघतो, हेही वाचलंय. तेव्हा खाडी हवेला नेमकं काय देते, काय घेते, कांदळवन राखण्यात हवामानाचा फायदा आहे की तोटा, आणि वास पहाटेच का येतो, असं त्यांनी विचारलंय.

ताई, पाण्यात विरघळलेले वायू मोजणं हे माझं गेल्या सव्वीस वर्षांचं काम. त्यातला बराच काळ ठाणे खाडीत आणि थोडा अरबी समुद्रात गेला. या सगळ्या वर्षांत मला पटलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. पाण्यातले जीव वायू बनवतात खूप, पण त्यातला फार थोडा हवेपर्यंत पोचतो. बाकीचा वाटेतच दुसरे जीव खाऊन टाकतात. हवेत जातो तो उरलेला वायू. त्यामुळे ‘खाडीत किती वायू तयार होतो’ या प्रश्नापेक्षा ‘वाटेत किती खाल्ला जातो’ हा प्रश्न मोठा आहे, आणि लोक तोच विचारायचा विसरतात.

आता तुमच्या वासाकडे येऊ. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. मिथेनला वास नसतो, नायट्रस ऑक्साइडचाही खाडीकाठी कुणाला वास येणार नाही, कार्बन डायऑक्साइडचाही नाही. म्हणजे हवामानाच्या दृष्टीने ज्या तीन वायूंची काळजी करायची, त्यांतला एकही तुमच्या नाकाला कळत नाही. नाकाला कळतो तो हायड्रोजन सल्फाइड, आणि तो हवेच्या एक अब्ज भागांत काही भाग असला तरी जाणवतो. चांदीचे पैंजण खाडीकाठच्या घरात लवकर काळे पडतात तेही याच वायूमुळे.

पण हा वास फार उपयोगाची माहिती देतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट, म्हणजे गंधकाचा क्षार, भरपूर असतं, किलोमागे जवळजवळ २.७ ग्रॅम. गाळात दोन-चार मिलिमीटर खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. तिथले जिवाणू मग पाला, शेवाळ, सांडपाण्यातला मैला हे सगळं जाळण्यासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात, आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव वेगळे. त्यांना लागणारं खाद्य, म्हणजे हायड्रोजन आणि ॲसिटेट, हेच सल्फेटवाल्यांनाही लागतं, आणि या झटापटीत सल्फेटवाले जिंकतात. म्हणून खाऱ्या गाळात वरच्या थरात मिथेन कमी बनतो आणि गोड्या पाण्याच्या तळ्यातल्या गाळात जास्त. थोडक्यात, ओहोटीला येणारा तो घाणेरडा वास सांगतो की तुमच्या पायाखालच्या गाळात सल्फेट अजून शिल्लक आहे. वास आला म्हणजे मिथेन येतोय असा अर्थ काढू नका. बऱ्याच वेळा उलटं असतं.

‘बऱ्याच वेळा’ म्हटलं, कारण याला दोन अपवाद आहेत आणि दोन्ही ठाण्यात लागू पडतात. पहिला पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर खाडीत वरून गोडं पाणी इतकं येतं की उत्तरेकडच्या भागात, कळवा-विटाव्याच्या बाजूला, पाण्याची खारटी एकदम उतरते. खारटी उतरली की सल्फेटही त्याच प्रमाणात उतरतं, आणि मिथेनवाल्यांना मोकळं रान मिळतं. दुसरा सांडपाण्याचा. जिथे नाल्याचं तोंड खाडीत उघडतं तिथे गाळात खाद्य इतकं पडतं की सल्फेट वरच्या काही सेंटीमीटरांतच संपून जातं. त्याखाली मिथेन बनत राहतो. अशा ठिकाणी चिखलात पाय टाकला की बुडबुडे वर येतात, ते तुम्ही पाहिले असतील.

आणि इथेच तो ‘वाटेत खाल्ला जाण्याचा’ भाग येतो. खालून वर निघालेला मिथेन सल्फेट असलेल्या थरात शिरला की तिथे सूक्ष्मजीवांच्या जोड्या त्याला सल्फेटच्या मदतीने, ऑक्सिजन नसतानाही, जाळून टाकतात. त्यातून सुटला तर गाळाच्या पृष्ठभागाशी ऑक्सिजन मिळाल्यावर दुसरे जिवाणू त्याच्यावर जगतात. त्यातूनही सुटला तर पाण्यात तिसरी टोळी असते. तीन नाकी पार करून जो उरतो तो हवेत जातो. बुडबुडा मात्र ही तिन्ही नाकी टाळून सरळ वर येतो, म्हणून आमच्या मोजमापात बुडबुड्यांना एवढं महत्त्व. तिवराच्या श्वासमुळांचंही तसंच. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली ती मुळं आतून स्पंजासारखी सच्छिद्र असतात. झाड त्यांतून ऑक्सिजन खाली नेतं, आणि त्याच वाटेने थोडा मिथेन वरही येतो.

जिवाणू वायू खातात हे मी पुस्तकात वाचलं होतंच, पण पटलं ते एका चुकीमुळे. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. मे महिन्याचे दिवस होते. वाशीच्या बाजूने होडीतून नमुने घेतले. काचेच्या बाटल्या काठोकाठ भरायच्या, रबरी बूच बसवायचं, ॲल्युमिनियमची टोपी आवळायची आणि आत मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब सोडायचे, म्हणजे आतले जिवाणू मरतात आणि वायू आहे तेवढाच राहतो. त्या दिवशी विषाची बाटली अर्ध्यातच संपली. सहा बाटल्या विषाविना राहिल्या. रात्रभर तशाच ठेवून दुसऱ्या दिवशी सगळ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, लावल्या. त्याच ठिकाणचं, त्याच वेळेचं पाणी, पण विष नसलेल्या सहाही बाटल्यांत मिथेन स्पष्टपणे कमी निघाला. झाकण घट्ट होतं, गळती नव्हती. रात्रभरात तो आतल्याआत खाल्ला गेला होता. ती सहा आकड्यांची ओळ मी अजून जपून ठेवली आहे. नमुने म्हणून ते वाया गेले, पण खाडी कशी चालते हे मला त्यांनीच दाखवलं.

दुसरी गोष्ट वेळेची. सुरुवातीला आमचे सगळे नमुने भरतीचे असायचे. कारण साधं होतं: ओहोटीला खाडीच्या वरच्या भागात होडी चालत नाही, गाळात रुतते. म्हणून पाणी भरलं की जायचं आणि उतरायच्या आत परतायचं. त्या आकड्यांवरून खाडी बऱ्यापैकी स्वच्छ वाटायची. आमचे नाखवा खाडीकाठच्या कोळीवाड्यातले होते. त्यांनीच एकदा सांगितलं की पाणी बघायचं तर उतरत्या पाण्यात बघा, तेव्हा कांदळवनातलं सगळं खाडीत येतं. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. भरतीला पाणी तिवरांच्या मुळांत, खेकड्यांच्या बिळांत शिरतं. ओहोटीला तेच पाणी गाळातून झिरपत बाहेर येतं आणि येताना आतला मिथेन, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया घेऊन येतं. शिवाय वरच्या पाण्याचा दाब कमी झाला की गाळातले बुडबुडे सुटतात. त्यानंतर आम्ही एका जागी होडी नांगरून सलग पंचवीस तास, दर तासाला नमुने घेऊ लागलो, म्हणजे भरती-ओहोटीची दोन पूर्ण चक्रं हाती लागतात. तळाच्या ओहोटीला मिळणारा मिथेन आणि भरभरतीला मिळणारा मिथेन यांत जे अंतर दिसलं, ते पाहून आधीच्या दोन वर्षांचे आलेख मी बाजूला ठेवले. कुठल्याही खाडीच्या वायूंबद्दल एकच आकडा कुणी सांगितला, तर तो भरतीचा की ओहोटीचा, उधाणाचा (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचा) की भांगाचा (अष्टमीच्या लहान भरतीचा), हे आधी विचारा. उधाणाला आपल्याकडे पाण्याची चढउतार पाच मीटरांच्या आसपास जाते, आणि अष्टमीच्या भांगाला त्याच्या निम्म्यावरही येते. गाळ किती धुतला जातो हे यावर ठरतं.

आता पाण्यातून हवेत वायू जातो कसा, ते तुमच्या लेकीला समजेल असं सांगतो. दोन गोष्टी लागतात: ओढ आणि वाट. ओढ म्हणजे पाण्यात असलेला वायू आणि वरच्या हवेशी समतोलात जेवढा असायला हवा तेवढा, यांतला फरक. सोड्याची बाटली उघडली की फसफसतं, कारण आत दाबाखाली जास्त वायू भरलेला असतो आणि बाहेरची हवा तेवढा ठेवू देत नाही. खाडीचं पाणी थोड्या प्रमाणात तसंच आहे, फक्त फसफस दिसत नाही. पाण्यात कमी असेल तर ओढ उलटी, हवेतून पाण्यात. पाणी जितकं गरम आणि खारट तितका त्यात वायू कमी मावतो: ० अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात जेमतेम ६. मे महिन्यात खाडीतल्या माशांची दैना होते त्याचं अर्धं कारण या एका आकड्यात आहे.

वाट म्हणजे पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा. दुधावर साय असते तशी कल्पना करा, फक्त केसाच्या जाडीच्या आसपासची. या पापुद्र्यात पाणी हलत-ढवळत नाही, वायूचे रेणू एकेक करून सरपटत वर येतात. खालचं पाणी कितीही घुसळलेलं असो, सगळा उशीर इथे होतो. १९७४ मध्ये पीटर लिस आणि पीटर स्लेटर या दोघांनी हा हिशेब दोन पापुद्र्यांचा म्हणून मांडला, एक पाण्याच्या बाजूचा आणि एक हवेच्या बाजूचा. मिथेन, कार्बन डायऑक्साइड, डायमिथाइल सल्फाइड (या गंधकाच्या वायूबद्दल पुढे सांगतो) यांना पाण्याकडचा पापुद्रा अडवतो. अमोनियासारख्या पाण्यात अतोनात विरघळणाऱ्या वायूला हवेकडचा. वारा आला की पाण्याकडचा पापुद्रा पातळ होतो, आणि तोही वाऱ्याच्या वर्गाच्या प्रमाणात. २० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडचं सांगायचं तर सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात तासाला सुमारे ६ सेंटीमीटर जाडीचं पाणी हवेशी हिशेब चुकता करतं. वारा दुप्पट, १० मीटर झाला की ६ चे १२ होत नाहीत, जवळजवळ २५ होतात. म्हणून पावसाळ्यातला एक वादळी आठवडा हिवाळ्यातल्या कितीतरी शांत आठवड्यांना भारी पडतो.

खाडीत मात्र वाऱ्याचा हा नियम अपुरा पडतो. पाणी उथळ आहे आणि भरती-ओहोटीचा ओघ तळावर घासत जातो. त्या घासण्याने उठलेले भोवरे खालून वर येऊन पापुद्रा फाडतात. वारा पडलेला असताना, मध्य ओहोटीला, ऐरोलीच्या पुलाच्या खांबांशी पाणी कसं उकळल्यासारखं फिरतं ते पाहा. तिथे वायू वाऱ्याची वाट बघत नाही. खुल्या समुद्राची सूत्रं खाडीला जशीच्या तशी लावून काढलेले आकडे म्हणूनच मी सावधपणे घेतो. आम्ही तरंगता डबा उलटा ठेवून त्यात जमणारा वायू मोजतो, आणि दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून बघतो.

अर्ध्या ऑक्सिजनचं आता. हे वाक्य पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, सगळीकडे आहे, आणि मला ते तसंच सोडवत नाही. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला साधारण अर्धा भाग समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांकडे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींकडे, आहे, इथपर्यंत ते बरोबर. पण समुद्रात बनलेला ऑक्सिजन जवळजवळ सगळा समुद्रातच खर्च होतो: प्लवक स्वतः श्वास घेतात, त्यांना खाणारे जीव घेतात, मेलेलं कुजवणारे जिवाणू घेतात. जंगलांचंही असंच आहे. हवेत जो २०.९५ टक्के ऑक्सिजन आहे, तो कोट्यवधी वर्षांत गाळाखाली गाडल्या गेलेल्या, न कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या बदल्यात शिल्लक राहिलेला साठा आहे. या वर्षी समुद्रात किती बनला यावर तो हलत नाही. इथेही हवेला मिळालं ते उरलेलंच. लेकीला प्रकल्पात ‘अर्धा ऑक्सिजन समुद्र बनवतो आणि जवळजवळ तेवढाच वापरतो’ असं लिहू द्या. शिक्षकांनी विचारलं तर ती बरोबर उत्तर देऊ शकेल.

कार्बन डायऑक्साइडची कथा दोन तोंडांची आहे. जगाचे महासागर एकत्र धरले तर माणूस हवेत सोडतो त्याच्या साधारण एक चतुर्थांश कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतात. पण आपला अरबी समुद्र, एकूण वर्षाचा विचार करता, देणारा आहे. नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याशी वरचं पाणी दूर ढकलतात आणि खोलातलं पाणी वर येतं. त्या पाण्यात वरून पडलेल्या सेंद्रिय कचऱ्याच्या कुजण्याने साठलेला कार्बन डायऑक्साइड असतो, तो हवेत सुटतो. आणि आपल्या खाड्या, ज्यांत नदी आणि गटार दोन्ही ओतली जातात, त्या बहुतेक वेळ देणाऱ्याच असतात. दुपारी ऊन असताना शेवाळ थोडं ओढून घेतं, गाळावरची सोनेरी-तपकिरी साय त्या वेळी काम करत असते. रात्री सगळं परत जातं.

अरबी समुद्राबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मला स्वतःला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. साधारण १५० मीटरपासून १,००० मीटरपर्यंत या समुद्रात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. जगाच्या खुल्या समुद्रात इतके मोठे ऑक्सिजनशून्य पट्टे तीनच, बाकीचे दोन पॅसिफिकच्या पूर्वेला. अशा पाण्यातले जिवाणू नायट्रेट वापरून श्वास घेतात आणि त्या प्रवासात नायट्रस ऑक्साइड बनतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, हवेत शतकभर टिकतो आणि वर जाऊन ओझोनही खातो. गंमत अशी की ऑक्सिजन अगदी शून्य झाला की तेच जिवाणू हा वायू संपवून साधा नायट्रोजन करतात. तो साठतो तो काठाकाठाने, जिथे ऑक्सिजन थोडासाच आहे तिथे. म्हणजे पट्टा वाढला, हलला, त्याचा काठ किनाऱ्याच्या उथळ पाण्यात आला, की वायू पृष्ठभागाच्या जवळ येतो आणि सुटतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत नेमकं हेच पाहिलं आणि २००० साली ‘नेचर’मध्ये मांडलं: पावसाळ्यात वर येणारं कमी ऑक्सिजनचं पाणी, त्यात वाढत चाललेला प्राणवायूचा तुटवडा आणि त्यामुळे वाढलेला नायट्रस ऑक्साइड. किनाऱ्यावरून येणारी खतं आणि सांडपाणी यांचा संशय त्यांनी तेव्हाच व्यक्त केला होता. आपल्या देशातल्या समुद्रविज्ञानाने जगाला दिलेल्या मोठ्या गोष्टींत मी हिची गणना करतो. मराठीत तिच्याबद्दल फारच कमी लिहिलं जातं.

डायमिथाइल सल्फाइडबद्दल लेकीने नक्की लिहावं, कारण विषय तिला आवडेल. कोबी शिजताना येतो तो वास याच वायूचा, आणि खुल्या किनाऱ्यावर ‘समुद्राचा वास’ म्हणतो त्यातही त्याचा मोठा वाटा. १९७१-७२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक ‘शॅकल्टन’ जहाजावरून ब्रिटनहून अंटार्क्टिकाकडे गेले आणि वाटेत समुद्राच्या पाण्यात सगळीकडे हा वायू त्यांना सापडला. त्याआधी गंधकाच्या हिशेबात एक भोक होतं: जमिनीवर पावसातून गंधक येतं, पण समुद्रातून ते हवेत जातं कसं, हे उलगडत नव्हतं. आज अंदाज आहे की समुद्र या रूपाने दरवर्षी २ ते ३ कोटी टन गंधक हवेला देतो. प्लवक पेशीतलं खारट-गोडं सांभाळण्यासाठी डीएमएसपी नावाचं द्रव्य साठवतात. पेशी फुटली, कुणी खाल्ली, की त्यातून हा वायू तयार होतो. पण इथेही तोच नियम: बरेच जिवाणू डीएमएसपीतलं गंधक आणि कार्बन वायू न बनवताच पचवून टाकतात, बनलेला वायूही खातात, सूर्यप्रकाशाने काही मोडतो. हवेत पोचतो तो बनलेल्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी.

हवेत एक-दोन दिवसांत त्याचे सल्फेटचे कण होतात आणि त्यांवर ढगाचे थेंब बसतात. १९८७ मध्ये लव्हलॉक आणि आणखी तिघांनी मांडलं की समुद्र तापला की प्लवक जास्त वायू सोडतील, ढग उजळ होतील, आणि समुद्र पुन्हा थंड होईल. फार सुंदर कल्पना होती. तिच्यामुळे पुढची वीस-पंचवीस वर्षं लोकांनी भरपूर मोजमाप केलं, आणि त्याच मोजमापांवरून २०११ मध्ये एक समीक्षा आली की इतकं सरळ चक्र काही चालत नाही. ढगांचे कण इतर अनेक वाटांनी येतात. मला वाटतं, हा निकाल बरोबर आहे. मुंबई-ठाण्याच्या हवेत तर प्रश्नच येत नाही. कोळसा, डिझेल, जहाजांचं इंधन यांतून येणारं गंधक इथे इतकं आहे की खाडीचा किंवा समुद्राचा हा वाटा त्यात शोधूनही सापडायचा नाही. तो पाहायचा तर दक्षिण महासागरासारख्या ठिकाणी, जिथे हवा स्वच्छ आहे.

राहिलं कांदळवन. मिथेन निघतो, हे खरं आहे. जगभरातल्या कांदळवनांची आकडेवारी जमवून २०१८ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की गाळात पुरल्या जाणाऱ्या कार्बनचा जो हवामान-फायदा आहे, त्यातला सरासरी एक पंचमांश बाहेर पडणाऱ्या मिथेनने कमी होतो, तेही मिथेनला जास्तीत जास्त वजन देणारा वीस वर्षांचा हिशेब धरून. म्हणजे उरलेला फायदा तरीही मोठा आहे. आणि तिवर तोडली तर मिथेन थांबत नाही. गाळ उघडा पडतो, पिढ्यान्‌पिढ्या पुरलेला कार्बन जळू लागतो, आणि वर गटाराचं पाणी तसंच येत राहतं. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, त्याआधी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं. कांदळवन मिथेन सोडतं म्हणून त्याची किंमत कमी, असं कुणी सोसायटीच्या बैठकीत म्हणालं तर हा एक पंचमांशाचा आकडा त्यांच्यापुढे ठेवा. आणि नाल्यांबद्दल विचारा. सांडपाणी नीट शुद्ध करून सोडलं, तर गाळातलं खाद्य कमी होतं, मग मिथेन कमी, हायड्रोजन सल्फाइड कमी. अमोनिया कमी गेला तर त्याच्या विघटनातून येणारा नायट्रस ऑक्साइडही कमी. एकाच कामातून तीन वायू आटोक्यात येतील असा दुसरा उपाय मला माहीत नाही, आणि तुमचा पहाटेचा वासही त्यानेच जाईल.

वास पहाटेच का, हेही विचारलं होतं तुम्ही. रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच बसते, आणि गाळातून आलेला वायू पसरत नाही. शिवाय रात्रभर शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, त्यामुळे गाळाच्या तोंडाशी हायड्रोजन सल्फाइडला जाळणारा ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्यात ओहोटी पहाटे आली की तिन्ही गोष्टी जुळतात. घरात येणाऱ्या एवढ्या वासाने सहसा डोकं दुखतं, मळमळतं, त्यापुढे जात नाही. पण बंद गटारात, मॅनहोलमध्ये हाच वायू माणूस मारतो आणि जास्त झाला की नाक तो ओळखेनासं होतं; मुलांना त्या झाकणांजवळ वाकू देऊ नका.

प्रकल्पासाठी मिथेन मोजायची यंत्रं शाळेत नसतील, पण ऑक्सिजन मोजता येतो, आणि देवाणघेवाण समजायला तो पुरेसा आहे. विंकलरची पद्धत १८८८ सालची आहे आणि आजही आम्ही तीच वापरतो: मँगनस सल्फेट, अल्कली आयोडाइड, आम्ल आणि शेवटी थायोसल्फेटचं टायट्रेशन. शाळेच्या प्रयोगशाळेत, बाईंसमोरच करायचं. पाणी धक्क्यावरून दोरीला बादली बांधून काढायचं, गाळात उतरायचं नाही. तो गुडघ्यापर्यंत धरतो आणि सोडत नाही, आणि अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाताही येत नाही. ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र जवळच आहे, तिथे आधी विचारून घ्या. चार नमुने पुरतील: पहाटे आणि दुपारी तीनला, एकदा उधाणाच्या दिवशी आणि एकदा भांगाच्या. भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब तिला शिकवा, तिथीची पाऊणपट: अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. तो मुंबईच्या तोंडाचा आहे, ऐरोलीला पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेवढा धरावा. तापमान दर वेळी लिहायचं, त्या तापमानाला किती ऑक्सिजन मावतो ते तक्त्यातून काढायचं आणि मिळालेला आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. पहाटे कमी असेल तर त्या वेळी हवा खाडीला देतेय. दुपारी जास्त असेल तर खाडी हवेला.

बाटली भरताना नळी तळाशी टेकवायची आणि पाणी दोन-तीन बाटल्या उतू जाईल इतकं वाहू द्यायचं. बूच तिरकं घालून बसवायचं, मग बाटली उलटी करून उजेडात बघायची. आत मोहरीएवढा बुडबुडा जरी दिसला तरी ती बाटली ओतून टाकायची आणि पुन्हा भरायची.